यादीतलं पहिलं नाव

१९ जून २००६, परतूर

आज बद्रीनाथभाऊंनी रक्तदात्यांची वही माझ्यापुढे टाकली. "कचरू, हे सगळं कंप्युटरात घाल. या वहीनं माझं डोकं खाल्लंय."

भाऊंच्या दुकानात झेरॉक्स, टायपिंग, सरकारी फॉर्म आणि इंटरनेटचा एक कंप्युटर एवढं आहे. मी तिथे दोन वर्षांपासून आहे. रक्तदाता मंडळ हे भाऊंचं दुसरं काम. पेशंट जालन्याला नेला की तिथे नातेवाइकांना म्हणतात, बदली रक्त देणारा माणूस आणा. नातेवाईक मग दुकानात धावत येतात आणि भाऊ वही उघडतात.

वहीत तीनशे बारा नावं आहेत. 'निगेटिव्ह' हा शब्द पाच तऱ्हांनी लिहिला आहे. एका माणसाचं नाव दोनदा आहे आणि दोन्हीकडे रक्तगट वेगळा आहे.

भाऊंचं म्हणणं असं की वही उघडली की माणूस ओळखीचं नाव शोधतो. त्याच त्या दहा-बारा जणांना पुन्हा पुन्हा जावं लागतं, बाकीचे घरी. म्हणून कंप्युटरने एकच नाव काढून द्यायचं. ज्याने सगळ्यात आधी रक्त दिलं, म्हणजे ज्याला देऊन सगळ्यात जास्त दिवस झाले, त्याचा नंबर पहिला. दोघांची तारीख एक असेल तर जवळच्या गावचा आधी. पडद्यावर दुसरं नाव दिसायलाच नको.

"दिसलं की लोक निवड करायला लागत्यात," भाऊ म्हणाले. "आपन निवड करायची न्हाई. यादी काढंल त्यानं जायचं. बराबर?"

मी हो म्हणालो. जमेल की नाही ते माहीत नाही.

२४ जून

भाऊंनी औरंगाबादहून जुनं पुस्तक आणलं आहे. जावास्क्रिप्टचं, इंग्रजी, पहिली चाळीस पानं नाहीत. माझी बारावी झालेली नाही. गणित आणि इंग्रजी हेच दोन विषय राहिले. शब्दकोश शेजारी ठेवून एका दिवसात दोन पानं होतात. वीज गेली की तीही नाही.

एवढं कळलं. प्रत्येक माणसाची एक नोंद करायची. तिच्यात नाव, गाव, अंतर, रक्तगट आणि शेवटची तारीख. अशा सगळ्या नोंदींची एक रांग. त्या रांगेला 'सॉर्ट' म्हटलं की ती क्रमाने लागते. पण कशाच्या क्रमाने ते आपण सांगायचं. कंप्युटर दोन-दोन नोंदी समोर धरतो आणि विचारतो, यातली आधी कोणती? आपण उणे, अधिक किंवा शून्य असं उत्तर द्यायचं. उणे म्हणजे पहिली आधी, अधिक म्हणजे दुसरी आधी, शून्य म्हणजे दोन्ही सारख्याच.

आज नव्वद नावं भरली. प्रत्येक तीनदा वाचली.

२ जुलै

दोन फसवणुका पकडल्या. दोन्ही माझ्या मीच पकडल्या म्हणून लिहून ठेवतो.

पहिली अंतराची. चौदा किलोमीटर नऊच्या आधी येत होतं. कंप्युटर त्याला आकडा समजतच नव्हता, अक्षरं समजत होता. एक हे अक्षर नऊच्या आधी, म्हणून चौदा आधी. वजाबाकी करायला लावली तेव्हा सरळ झालं.

दुसरी तारखेची. आपण दिवस आधी लिहितो, वर्ष शेवटी. तसं ठेवलं तर दोन तारखेला दिलेला माणूस, वर्ष कुठलंही असो, वीस तारखेवाल्याच्या आधी जातो. म्हणून सगळ्या तारखा उलट्या लिहिल्या. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. तीनशे बारा तारखा हाताने फिरवल्या. मान धरली आहे.

भाऊ म्हणाले, "तुझ्या हातून चुकी व्हायची न्हाई, कचरू." असं कोणी म्हटलं की मला जास्त भीती वाटते.

५ जुलै

झालं. आधी तारखेने लावून घेतलं, त्यानंतर अंतराने. दोन सॉर्ट एकामागे एक.

ही रीत माझी जुनीच आहे. कंप्युटर शिकण्याआधी मी खताच्या दुकानात होतो. तिथे संध्याकाळी पावत्या लावताना आधी सगळ्या तारखेने लावायच्या आणि मग गावांच्या खणात टाकत जायच्या. कधी पावती हरवली नाही.

ओ निगेटिव्हवर करून पाहिलं. हा गट फार थोड्यांचा, तीनशे बारांत सहाच माणसं. पडद्यावर नाव आलं, संपत, रेल्वे गेट, परतूर. वहीत हाताने पाहिलं. संपतने दिलं १ मे २००४ रोजी. सहा जणांत तीच तारीख सगळ्यात जुनी. बरोबर आलं.

भाऊंनी पेढे आणले. मी एकच खाल्ला. अजून नावं एकदा वाचायची आहेत.

११ जुलै

आज पहिल्यांदा यादी वापरली. ओ निगेटिव्हच हवं होतं. एका मुलाला अपघात झाला होता. कंप्युटरने संपतचं नाव काढलं. त्याच्याकडे फोन नाही, म्हणून मीच सायकलवर गेलो.

संपत मार्केट यार्डात हमाल आहे. रेल्वे गेटच्या पलीकडे राहतो. जेवत होता. मी सांगितलं, तुमचं नाव निघालं.

"कशात निघालं?"

"रक्तदात्यांच्या यादीत. कंप्युटरने काढलं. पहिला नंबर तुमचा."

तो हसायला लागला. बायकोला हाक मारली. "चांगुणा, ऐकलं का? पहिला नंबर आला माझा." मग मला म्हणाला, "मास्तर, घरकुलाच्या यादीत मी एकशे एक्केचाळिसावा हाये. सहा वर्सं झाली, एकशे चाळिसाव्याचं काय झालं ते बी कुनी सांगंना."

"मी मास्तर नाही," मी म्हणालो.

"एवढं नीट बोलतोस, मंग कोन हायेस?"

अर्धी भाकरी तशीच ठेवून उठला.

१३ जुलै

संपत दुकानात आला. मुलगा वाचला. त्याला नाव पडद्यावर पाहायचं होतं. पण मी परवाची तारीख भरली होती, त्यामुळे आता नाव दुसरंच येईल असं मला वाटलं. यादी उघडली तर त्याचंच आलं. मला वाटलं पान जुनंच राहिलं असेल, कधी कधी राहतं. शिवाय तो खूश झाला होता. एका कागदावर छापून मागितलं. मी मोठ्या अक्षरात छापून दिलं.

भाऊ म्हणाले, "कागदाचा खर्चा मंडळाचा. बिलकुल पैसे घ्यायचे न्हाईत."

२९ ऑगस्ट

पुन्हा ओ निगेटिव्ह. मंठ्याकडच्या एका आजीचं ऑपरेशन. यादीने पुन्हा संपतचं नाव दिलं.

मी थोडा थांबलो. मग विचार केला, सहाच तर माणसं आहेत. सहात एखाद्याचा नंबर लवकर येणारच. शिवाय आपण निवड करायची नाही असं ठरलं आहे. मी दुसरं नाव शोधायला गेलो तर ती निवडच झाली.

भाऊंना एवढंच विचारलं, "लागोपाठ चालतं का हो?"

"चालत नसंल तर तिथले डॉक्टर परत पाठवतील की. ते तपासल्याबिगर घेत न्हाईत."

ते खरं आहे.

संपत यार्डात होता. पाठीवर पोतं होतं. ते खाली ठेवून आला. मुकादम ओरडला तर म्हणाला, "दादा, माझा नंबर आलाय, तुमचा आला का कधी?"

३ सप्टेंबर

संपतची बायको चांगुणाबाई रेशन कार्डाची झेरॉक्स काढायला आली. पैसे देताना म्हणाली, "भाऊ, तुमचं मशीन दोन महिन्यात दोनदा यांचंच नाव काढतंय. दुसऱ्या कुनाच्या अंगात रक्त न्हाई का?"

मी तिला समजावलं. रक्त दिल्याने काही होत नाही, ते पुन्हा तयार होतं, ही भीती जुन्या समजुतीतून येते. भिंतीवरचा रक्तदानाचा तक्ताही दाखवला.

तिने तो पाहिला. "मी भिती कुठं म्हनले? मी दोनदा म्हनले."

बायकांना पटायला वेळ लागतो. ती गेल्यावर मी संपतची नोंद उघडून पाहिली. तारीख बरोबर भरलेली होती. २००६, ०८, २९. नावावरचा अनुस्वारही जागेवर होता.

१२ ऑक्टोबर

तिसऱ्यांदा. संपतच.

आज मी भाऊंना नीट बोललो. "भाऊ, माणूस पुन्हा पुन्हा तोच येतोय."

"तू तारीख टाकल्ती ना मागच्या वेळची?"

"टाकली. दोनदा पाहिली."

"मंग झालं तर. तू हात घातला आन् उद्या कुनी म्हनलं की कचरूनं याला वाचवलं, त्याला पाठवलं, मंग?"

मी कुणाला वाचवलं असं कुणी म्हणू नये, एवढं मला वाटतं. गेटापर्यंत सायकल चालवत गेलो. संपत या वेळी लगेच उठला नाही. भिंतीला हात लावून उठला. म्हणाला, "उन्हाचा तडाखा हाये, मास्तर. ऑक्टोबर म्हंजे दुसरा उन्हाळाच."

चांगुणाबाई दारात उभी होती. तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. बोटं मोजत होती. कशाची मोजत होती ते कळलं नाही.

पेशंटचे नातेवाईक मात्र भले होते. जालन्याला जाऊन-येऊन रेल्वेचं तिकीट त्यांनीच काढलं.

१८ ऑक्टोबर

दिवाळीच्या तोंडावर यार्डात पाय ठेवायला जागा नाही. कापूस आणि सोयाबीन एकदमच आलंय. मी भाऊंची बिलं द्यायला गेलो होतो. संपत पोत्यांच्या सावलीत बसलेला होता. टोळीतले बाकीचे हमाल ओझी नेत होते.

"हे बघा, आमच्या टोळीचे पैले नंबरचे मानकरी," एक जण म्हणाला. "आता पोतं उचलत न्हाईत, निसतं नाव काढत्यात."

सगळे हसले. संपतही हसला. मी विचारलं, बरं नाही का?

"चक्कर यिऊन राह्यली दोन दिवस. हुईल बराबर."

मी विचारलं, जालन्याला डॉक्टर काही विचारत नाहीत का, आधी कधी दिलं म्हणून?

"इच्यारत्यात. मी सांगतो, वरीस झालं. दीड दिवस गाडीत बसून गेलेल्या लोकास्नी परत पाठवायचं का, मास्तर? त्यांची मान्सं आत पडलेली असत्यात." आणि मग हळू म्हणाला, "आन् नंबर तर माझाच आल्ता ना."

मी म्हणालो, जालना दीड दिवसाच्या वाटेवर नाही, दीड तासाच्या आहे. तो म्हणाला, "बराबर हाये," आणि डोळे मिटले.

घरी येऊन लिहितो आहे. मला कसंतरी होतंय. पण काय चुकतंय ते सापडत नाही. यादीतली सगळी गावं पुन्हा वाचली. एका ठिकाणी 'राजूर'चा उकार ऱ्हस्व झाला होता. तो दीर्घ केला.

१४ नोव्हेंबर

आजचा दिवस जाईल असं वाटत नव्हतं.

सकाळी दहाला रखमाजी म्हणून एक म्हातारे आले. त्यांची मुलगी पुष्पा बाळंत झाली, रक्त थांबत नाही, जालन्याला नेली आहे, ओ निगेटिव्ह. कागदावर पेशंटचं नाव मीच लिहिलं.

यादीने संपतचं नाव काढलं. रखमाजींनी विचारलं, "कोन्या गल्लीतला?" मी सांगितलं, गेटापलीकडचा. ते थोडे थांबले. मग म्हणाले, "चला, जल्दी."

चांगुणाबाई दारात आडवी आली. "न्हाई जायचं." संपतने सदरा घातला. ती माझ्याकडे वळली. "तुम्ही सांगा त्यांना, नंबर न्हाई म्हनून. तुमचं ऐकतील."

मी म्हणालो, "वहिनी, यादीत नाव आलंय."

असं मी म्हणालो. हे लिहून ठेवायलाच हवं.

ते दोघे सव्वाअकराच्या गाडीने गेले. अडीचला दुकानाचा फोन वाजला. रखमाजी होते. म्हाताऱ्याचा आवाज ओळखू येत नव्हता. "तुमचा पहिला नंबर इथं बाकड्यावर आडवा पडलाय. बोट टोचून बघितलं, म्हनले याच्याच अंगात रक्त न्हाई. आता मी कुनाकडं बघू?"

भाऊ बाहेर गेलेले. पडद्यावर एकच नाव. मी ते पान बंद केलं आणि ज्या फायलीत नोंदी भरलेल्या आहेत ती उघडली. ओ निगेटिव्हचे सहा जण तारखांसकट वाचायला लागलो. वसंता, मंठ्याकडचं गाव, चोवीस किलोमीटर, २६ जानेवारी २००५. पुन्हा वाचलं. दोन हजार पाच.

त्याच्या गावच्या फोन बूथवर निरोप दिला. वसंता वीस मिनिटांत फोनवर आला. बोलण्यावरून चांगल्या शेतीवाडीचा माणूस वाटला. म्हणाला, "अहो, पावणेदोन वर्सं झाली, कुनी बलावलंच न्हाई. मला वाटलं मंडळ बंद पडलं." मोटारसायकल काढून तो परस्पर जालन्याला गेला. साडेपाचला रक्त चढायला लागलं.

आठला रखमाजींचा फोन आला. पुष्पा शुद्धीवर आहे. मी फोन ठेवला आणि ती फाईल पुन्हा उघडली.

१५ नोव्हेंबर

वीज नव्हती म्हणून कंप्युटर बंदच होता. ते बरं झालं.

सहा जणांच्या सहा चिठ्ठ्या केल्या. प्रत्येकीवर काल सकाळपर्यंतची शेवटची तारीख आणि अंतर. काउंटरवर मांडल्या. मी कंप्युटरला सांगितलं होतं तेच हाताने करत गेलो. आधी तारखेने लावल्या. वर वसंता, सगळ्यात खाली संपत. बरोबर. मग अंतराने लावल्या. एक किलोमीटर, अकरा, चौदा, असं करत शेवटी चोवीस. संपतची चिठ्ठी उचलून वर आली आणि वसंताची खाली गेली.

तारखेची रांग कुठे राहिली? कुठेच नाही. मी ती स्वतःच मोडली होती.

खताच्या दुकानातही असंच होत होतं. आधी तारीख, मग गावाचा खण. पण तिथे मालकाला गावच मुख्य हवं होतं, तारीख त्या गावाच्या आत. शेवटी जो हात फिरतो त्याचाच क्रम राहतो. आधीचा हात फक्त बरोबरीच्या ठिकाणी दिसतो. मला इथे तारीख मुख्य हवी होती आणि हात शेवटी अंतराचा फिरवला. संपतचं घर हललं नाही, म्हणून त्याचा नंबरही हलला नाही. त्याने हजारदा रक्त दिलं असतं तरी पहिलाच राहिला असता.

५ जुलैला बरोबर आलं, कारण तेव्हा जुनी तारीख आणि जवळचं घर दोन्ही त्याचीच होती. मी एकदाच पाहिलं. फक्त पहिलं नाव पाहिलं.

सगळ्या तारखा, तीनशे बारा नावं, उकार, अनुस्वार, सगळं तपासलं. आणि चांगुणाबाई 'दोनदा' म्हणाली तेव्हा मी तिला तक्ता दाखवला.

१६ नोव्हेंबर

दुरुस्त केलं. दोन सॉर्ट काढून टाकले, एकच ठेवला. कंप्युटरने दोन नोंदी समोर धरल्या की आधी तारखा पाहायच्या. त्यात फरक असेल तर तिथेच उत्तर द्यायचं, पुढे जायचंच नाही. तारखा अगदी सारख्या असतील तरच अंतर पाहायचं. चार ओळी आहेत. पुस्तकात हे पान होतं, मी त्याच्या अलीकडे थांबलो होतो. आणखी एक ओळ घातली की रक्त देऊन नव्वद दिवस झाले नसतील तर नाव रांगेत धरायचंच नाही. या वेळी सहाही नावं वरपासून खालपर्यंत पाहिली आणि बाकीच्या गटांतलीही. एबी निगेटिव्हमध्ये असाच एक जवळ राहणारा निघाला. त्याचा नंबर अजून लागला नव्हता, एवढंच.

भाऊंना सगळं सांगितलं. ते चष्मा पुसत राहिले.

"ती बाई वाचली ना?"

"वाचली."

"आन् संपत?"

"डॉक्टरांनी गोळ्या दिल्यात. सहा महिने रक्त द्यायचं नाही, जड उचलायचं नाही. टोळीने त्याला पोत्यांची तोंडं शिवायला बसवलंय."

"मंग आता कुनाला सांगू नकोस. मंडळाचं नाव हाये. लोक म्हनतील कंप्युटरवर भरोसा न्हाई, मंग पुन्हा वही, पुन्हा वशिला. यादी दुरुस्त झाली, झालं."

भाऊ वाईट नाहीत. ते म्हणतात त्यात खरंही आहे. पण उद्या कुणी वही घेऊन गेटापलीकडे गेला, यादीत नाव नसतानाही गेला, आणि म्हणाला माणूस आत पडलाय, तर संपत उठेल. आपण पहिले आहोत असं त्याला वाटतंय, तोवर उठेल. गोळ्यांनी ते थांबणार नाही.

आणि सांगितलं तर त्याचा तो पहिला नंबर माझ्याच हातून जाईल.

दिवसभर टायपिंगमध्ये चुका झाल्या. एक अर्ज तीनदा छापला.

१९ नोव्हेंबर

गेलो.

सायकल गेटाजवळ लावून पायी गेलो, म्हणजे पोचायला थोडा वेळ लागला. संपत ओट्यावर बसला होता. सुतळी आणि दाभण घेऊन घरीही पोती शिवत होता. तो अंगाने कमी झालाय. चांगुणाबाई भांडी घासत होती, ती थांबली नाही.

"या मास्तर. नंबर आला का?"

"नाही," मी म्हणालो. "येणारही नाही आता. तुम्हाला सांगायचं होतं."

मी सांगितलं. चिठ्ठ्यांसारखं सोपं करून सांगितलं. पहिल्या वेळी नंबर खरा होता. नंतरच्या तिन्ही वेळी नव्हता. तुमचं घर जवळ म्हणून नाव येत राहिलं. खरं तर तुम्ही शेवटी होता.

"शेवटी," तो म्हणाला.

"हो. सहांत सहावे."

दाभण सुतळीतून निघून खाली पडलं. त्याने उचललं नाही. "कंप्युटर चुकतो व्हय?"

"कंप्युटर नाही चुकला. मी सांगितलं तसंच त्याने केलं. मी चुकलो."

आतून भांड्यांचा आवाज थांबला होता. मला वाटलं आता तो ओरडेल, आणि ओरडावं असंच वाटत होतं. तो म्हणाला, "ते पोरगं ॲक्सिडेंटचं. ती म्हातारी. आन् दिवाळीच्या आधीचा तो मानूस. त्यांना माझंच लागलं ना?"

"तुमचंच लागलं."

"मंग ते तर चुकीनं न्हाई लागलं."

तो माझ्याकडे पाहत नव्हता. रुळांकडे पाहत होता. एक मालगाडी बराच वेळ जात राहिली आणि कुणालाच बोलावं लागलं नाही.

मग चांगुणाबाई हात पुसत बाहेर आली. ती माझ्याशी नाही, त्याच्याशी बोलली. "समजलं का? आता कुनी आलं दारात तर?"

"बघू."

"बघू न्हाई. भाऊ, डॉक्टरनं किती महिने म्हनलंय?"

"सहा. चौदा मेपर्यंत नाही. त्यानंतरही आधीच्या सगळ्यांचे नंबर झाल्यावर."

"ऐकलं? तारीख सांग."

संपत सुतळी बोटाला गुंडाळत राहिला.

"माझ्यासमोर सांग. यांच्यासमोर सांग. कुनी बी येऊ दे, कुनाचं बी मानूस आत पडलेलं असू दे, कवापर्यंत न्हाई?"

त्याने खाली वाकून दाभण उचललं. सुतळी ओवायला दोनदा हुकला. तिने त्याच्या हातातून ते घेतलं, ओवून परत दिलं आणि तशीच समोर उभी राहिली.

"चौदा मे," संपत म्हणाला.